अग्गीचे पाय

सिद्धव्वा आत्ती एसटीतून उतरल्या त्या बोलतच उतरल्या. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत गडहिंग्लजच्या निम्म्या गल्लीला कळलं होतं की कोरींच्या शांभवीच्या लग्नाआधी वीरभद्राची अग्गी, म्हणजे इंगळावरून चालणं, होणार, आणि अग्गीला सगळ्यांच्या पुढं नीलम्मा चालणार. घरात हे अजून कुणी ठरवलेलं नव्हतं. पण आत्तींनी एकदा बोलून टाकलं की ठरवायला काही उरत नाही, हे त्यांच्या थोरल्या भावाला, चनबसाप्पांना, लहानपणापासून ठाऊक होतं. ते सोप्यात तक्क्याला टेकून बसले होते. त्यांनी फक्त चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

नीलम्मा तेव्हा मागच्या पडवीत लसूण सोलत होती. चनबसाप्पांची ही थोरली सून. नवरा बसवराज जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी गावात अजून 'मिरचीवाल्या बसवराजची बायको' म्हणूनच ओळखत. बाहेरून आपलं नाव ऐकलं तशी तिनं आधी पायांकडं बघितलं. ही तिची जुनी खोड. कुणी पायांचा विषय काढला की ते जागेवर आहेत का, हे ती डोळ्यांनी बघून घेई. होते जागेवर. एक मांडीखाली, एक पुढं पसरलेला. तिनं पुन्हा लसूण हातात घेतला.

तेवढ्यात आत्ती पडवीत आल्याच. मागून दोन पोरी, एकीच्या हातात पितळेची परात, दुसरीच्या हातात बंबातल्या पाण्याची कळशी.

"उठ गं नीलव्वा. पाय घाल परातीत. अग्गीचं पाय धुतल्याबिगर मी तोंडात पानी घेनार न्हाय."

"नगं की आत्ती. लसनाचं हात हायती माझं."

"हात कुनी मागितल्यात? पाय मागतोय मी."

आत्तींशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. नीलम्मानं पाय परातीत ठेवले. कळशी कलंडली, पाण्याची धार पावलांवर पडली आणि परातीतून वाफ वर आली. सकाळच्या उन्हात ती वाफ फार छान दिसत होती. नीलम्मा तिच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, कुणा भलत्याच बाईचे पाय धुणं चाललंय आणि आपण जत्रेच्या गर्दीत लांब उभं राहून ते बघतोय. त्या बाईचे पाय हळूहळू लाल होत होते. मग आत्तींनी पावलं चोळायला बोटं पाण्यात घातली आणि "अव्वव्वऽ" करून झटकली. तेव्हा कुठं नीलम्माला समजलं की पाणी कढत होतं.

"बगा! बगा गं पोरींनो!" आत्तींचा आवाज चढला. "चुकून इसन न घालता उकळतं पानी वतलं मी, आनि ह्या बाईच्या कपाळाला आठी तरी हाय काय? ह्येला म्हनत्यात देवाचं पाय!"

पोरींनी तोंडात बोटं घातली. एकीनं तर वाकून नमस्कारच केला.

स्वयंपाकघरातून महादेवी आली. नीलम्माची धाकटी जाऊ, नवऱ्या मुलीची आई. दोन्ही हात पिठानं भरलेले. तिनं कुणाकडं न बघता परात पायानंच बाजूला सारली आणि रांजणातल्या गार पाण्याचे तांब्यावर तांबे नीलम्माच्या पावलांवर ओतले.

"आत्ती, पानी हात लावून बगायचं न्हवं? मानसाचं पाय हायती. भांडी न्हवं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला भांडी कळत्यात," असं म्हणून महादेवी आत निघून गेली.

ती अशीच. दोघी जावा एका चुलीवर इतकी वर्षं भाकरी थापत आल्या, पण 'पीठ संपलं', 'तेल आणायला सांगा' यापलीकडं त्यांच्यात बोलणं नव्हतं. घरदार एका जावेच्या पाया पडतं आणि दुसरीला कुणी पाणीही विचारत नाही, मग दुसरीनं गोड बोलावं तरी का, अशी नीलम्मानं मनाची समजूत घातली होती. तिला महादेवीचा राग कधी आला नाही. उलट तिच्यापुढं जरा चोरट्यासारखंच वाटायचं.

पाय नेमके कधी गेले, हे नीलम्माला सांगता आलं नसतं. एकदम गेले असते तर माणूस आरडाओरडा तरी करतं. ते हळूहळू, न सांगता निघून गेले.

बसवराज मिरचीच्या धंद्यापायी आज हुबळी तर उद्या मुंबई असा फिरायचा. एका पावसाळ्यात तो हडकलेला परत आला आणि दिवाळीच्या आत गेला. घरानं लोकांना सांगितलं, कावीळ. मग नीलम्मालाही ताप धरला. माहेरच्या एका बाईनं तिला कोल्हापूरला दवाखान्यात नेलं आणि तिथं रक्त तपासून एका शांत आवाजाच्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं त्यात कावीळ हा शब्द कुठंच नव्हता. एचआयव्ही. तो शब्द पदराच्या गाठीत बांधून नीलम्मा घरी आली. ती गाठ तिनं कुणापुढं सोडली नाही. दर महिन्याला गोळ्या आणायला जावं लागे, तेव्हा घरात सांगायची, अंबाबाईला जाऊन येतो. खोटं नको म्हणून परतताना दोन मिनिटं देवळात खरोखर टेकून यायची. थोरलीला अंबाबाईचं फार वेड, असं घरच्यांचं मत झालं.

गोळ्यांनी जीव वाचवला, यात शंका नाही. अंगावर मांस चढलं, ताप गेला. पण त्या वेळी जी गोळी देत त्यातलं एक औषध नसांवर उठायचं. आधी अंगठ्यांत मुंग्या आल्या. मग तळव्यांत आग सुरू झाली, इतकी की ती पाय ओल्या गोणपाटात गुंडाळून निजायची. मग आग विझली. आग विझली म्हणून ती बिचारी खूश झाली. आगीबरोबर पायही विझलेत, हे ध्यानात यायला वेळ लागला. कोल्हापूरच्या स्टँडवर मागून कुणी हाक मारायचं, "ओ मावशी, चप्पल राहिली की मागं!" आणि ती बघायची तर एक पाय चपलेत, एक मोकळा. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली. म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतंत, मावशी. आता ही नवी गोळी तसं काही करणार नाही. पण जे गेलंय ते परत येईलच असं नाही." नवी गोळी गुणाची निघाली. रक्तात आता काही सापडतही नाही, तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही, असं तिथल्या बाई दर खेपेला सांगत. पाय मात्र आले नाहीत.

ते कुठं राहिले, हे नीलम्माला माहीत होतं. एकदा दवाखान्यातून निघाल्यावर एसटीला वेळ होता म्हणून ती रंकाळ्यावर गेली होती. कडेच्या दगडी पायरीवर बसून तिनं पाय पाण्यात सोडले. तेव्हा पाणी कळलं होतं. अगदी गार, घोट्यापर्यंत. पायांना स्वच्छ कळलेलं ते शेवटचं. म्हणून तिची पक्की समजूत होती की पाय तिथंच राहिलेत. दुपारी डोळा लागला की ते तिला दिसायचे. रंकाळ्याच्या काठाकाठानं दोघंच चाललेत, चिखलात बोटं उमटवत, मजेत. तिला हाकसुद्धा मारत नसत. जागेपणी ती ज्यांवर चालायची ते कापसाचे होते.

आणि मग ती अग्गी झाली.

वीरभद्राच्या देवळापुढं चर खणतात, त्यात लाकडं जाळून इंगळ पसरतात आणि नवसाची माणसं त्यावरून अनवाणी जातात, ही गावची चाल. त्या वर्षी शांभवी बालवाडीत होती. कुणाच्या तरी हातातून सुटलेला फुगा पकडायला ती पोर गर्दीतून निसटली आणि चराच्या कडेच्या राखेत उतरली. पुढं इंगळ होते. बायका किंचाळल्या, पुरुष 'धर धर' करत एकमेकांच्या अंगावर पडले. नीलम्मा जवळ होती. ती सरळ आत गेली, पोरीला उचलून खांद्यावर टाकलं, आणि धुरात मागचं दिसेना म्हणून सरळच चालत राहिली. चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पळालीसुद्धा नाही. पाय जागेवर पडतात का हे बघत, एकेक पाऊल ठेवत, तोंडावर काहीही न उमटता ती पलीकडं निघाली.

पलीकडं पोचली तेव्हा सगळं देऊळ तिच्यापुढं आडवं झालं होतं. चनबसाप्पांनी स्वतः सुनेच्या पावलांवर डोकं ठेवलं.

त्या रात्री तिनं तळवे बघितले आणि पदराचा बोळा तोंडात घातला. दुखत नव्हतं. पण ते बघवत नव्हतं. 'देवानं मौन सांगितलंय' म्हणून ती महिनाभर माडीवर बसून राहिली, लोणी आणि मलम लावत. खाली उतरली तेव्हा घर बदललेलं होतं. त्याआधी पांढऱ्या कपाळाची म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवत, शुभकार्याला पुढं येऊ देत नसत. आता तिला सोप्यात पाट मांडला जाऊ लागला, हळदीकुंकवाला पहिला मान तिचा, आणि महादेवीची पोर तिच्याच कुशीत वाढली. ही सगळी इस्टेट त्या एका गैरसमजावर उभी होती. तो काढून घेतला की पाट, मान, पोरगी, सगळंच जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. 'देव एकदाच बोलावतोय' असं म्हणून पुढच्या प्रत्येक अग्गीला तिनं अंग काढून घेतलं होतं. आता मात्र लग्नघर होतं, आणि आत्ती होत्या.

"झोपलीस काय गं, दोडव्वा?"

दोडव्वा म्हणजे थोरली आई. शांभवी समोर उकिडवी बसली होती. पिवळं पातळ, हातभर हिरवा चुडा. कोल्हापुरात शिकून तिथंच शाळेवर लागलेली ही मुलगी घरी आली की पहिल्या वाक्यापासून, बायकाही 'मी येतो' म्हणतात ते, गडहिंग्लजचं बोलायची.

"झोपतोय कुटली? लसूण सोलतोय."

"लसूण कवाच सोलून झालाय. मोकळ्या ताटात बोटं चालल्यात तुझी." शांभवी हसली, मग जवळ सरकली. "एक सांगू? ओरडायचं न्हाय. मी पन येनार हाय अग्गीला. तुझ्या मागनं."

नीलम्माचे हात थांबले.

"कशाला गं?"

"आत्तीअज्जी म्हनतोय, तुझ्या पावलावर पाऊल ठेवून गेलं की पोळत न्हाय. मी तुझा पदर धरनार. निपानीची, सासरची मानसं पन येनार हायत बघायला." तिनं बांगड्या मागंपुढं केल्या. "त्यांच्यासाठी न्हाय खरं तर. मला भ्या वाटाय लागलंय दोडव्वा. नवं घर, नवी मानसं. तुझ्यासंगं एकदा त्यातनं गेलो की मग मी कुटं बी जाईन बघ."

"लई पोळतंय पोरी ते."

"काय बी सांगू नगंस. मला आठवतंय की. मी हुतो न्हवं त्यात? गार लागत हुतं, अगदी गार. वारं लागत हुतं तोंडाला."

लागणारच. पोर खांद्यावर होती. खालचं सगळं खाली राहिलं होतं. नीलम्माला ते सांगायचं होतं, पण शांभवी तिच्या मांडीवर डोकं टेकवून उठलीसुद्धा आणि चुडा वाजवत निघून गेली.

नीलम्मा तिच्या पावलांकडं बघत राहिली. नेलपॉलिश लावलेली, नवी जोडवी कधी घालतोय म्हणून वाट बघणारी कोवळी पावलं. त्यांना सगळं कळत होतं. फरशीचा गारवा, उंबऱ्याची कड, सांडलेली साखर. एकटीचं असतं तर ती कदाचित गेलीही असती पुन्हा इंगळावरून, आणि पुन्हा महिनाभर मौन धरून बसली असती. पण ही मागनं येणार होती.

जेवणं उरकल्यावर चनबसाप्पांनी सगळ्यांना सोप्यात बोलावलं. पाहुणेमंडळी माडीवर लवंडली होती, त्यामुळं घरातलीच तेवढी होती. भिंतीला टेकून सिद्धव्वा आत्ती, पंख्याखाली धाकटा दीर, म्हणजे शांभवीचा बाप शिवलिंग, खांबाआड महादेवी, आणि आजोबांच्या पायाशी शांभवी. मधे केळीच्या पानावर विडा मांडलेला. अग्गीला जो पुढं चालणार त्यानं थोरल्यांपुढं विडा उचलायचा, म्हणजे शब्द दिला असं होई.

"लाकडं आल्यात देवळाजवळ," शिवलिंग म्हणाला. "संध्याकाळी पेटवाय सांगितलंय. निपानीवाल्यांस्नी बी कळवलंय."

"मग बसलायसा काय?" आत्ती म्हणाल्या. "उचल गं नीलव्वा."

चनबसाप्पांनी हात जोडले. पंच्याऐंशी वर्षांचा तो ताठ म्हातारा सुनेपुढं हात जोडून बसला. "उचल माये. पोरीचं कल्यान हुईल."

नीलम्मा पाटावरून उठली नाही. विडा समोर होता. बाहेर कुठंतरी मिरची कांडायचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज लांबून येत होता, आणि तिला क्षणभर वाटलं, आपण रंकाळ्यावर बसलोय, हे सगळे पाण्यात दिसताहेत. मग शांभवीच्या बांगड्या वाजल्या.

"अप्पा," ती म्हणाली, "ह्यात देव न्हाय. गोळी हाय."

कुणाला काही कळलं नाही.

"कसली गोळी?" चनबसाप्पांनी विचारलं.

"औषदाची. त्या गोळीनं पायातल्या नसा मेल्या माझ्या. अग्गीच्या आदीच मेल्या हुत्या."

आत्तींचे डोळे चमकले. "म्हंजे गोळी घेतल्यावर इस्तू पोळत न्हाय? अगं मग ती मला बी दे की दोन! माझं गुडघं..."

"पोळतंय आत्ती. पोळतंयच. कळत न्हाय, येवढंच."

आणि मग तिनं जे केलं ते त्या घरात कुठल्याही सुनेनं कधी केलं नव्हतं. थोरल्यांच्या दिशेला पाय पसरायचा नाही, तळवा तर दाखवायचाच नाही, ही शिस्त तिला लग्नाआधीपासून होती. तिनं दोन्ही पाय सासऱ्यांपुढं लांब केले आणि तळवे उभे केले.

पाया पडणाऱ्यांनी आजवर पावलं वरूनच बघितली होती. खालून ती कुणाचीच वाटत नव्हती. पांढरट, ताणलेली, चकाकणारी कातडी, मधे सुरकुत्या पडून आत ओढलेली. डाव्या करंगळीचं टोक नव्हतंच. टाचेला एक जुनं भोक पडून बुजलेलं. शांभवीनं तोंडावर हात ठेवला.

"माडीवर महिनाभर मौन न्हवतं धरलं मी," नीलम्मा म्हणाली. "ह्येच निस्तरत बसलोतो. तवा पोरगी आत हुती म्हनून गेलो. आता तीच माझ्या मागनं यायची म्हनतोय. म्हनून सांगतोय."

"पन गोळी कशाची, वैनी?" शिवलिंग पुढं वाकला. "कसला आजार?"

ती आता मागं फिरू शकत नव्हती. "एचआयव्ही. तुमच्या अन्नांस्नी हुता, त्यांच्याकडनं मला. कावीळ न्हवती ती."

आत्ती नीलम्माच्या अगदी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी लुगडं आवरून घेतलं, मग हात दोनदा लुगड्याला पुसला, आणि बसल्या बसल्याच भिंतीच्या कडेकडेनं दाराशी सरकल्या. सकाळी त्याच हातांनी त्यांनी ते पाय धुतले होते.

"माझ्या परातीत..." त्या पुटपुटल्या. "आनि आमी सगळी तिच्या हातचं जेवतोय की रं शिवलिंगा!"

"जेवतोय न्हवं?" खांबाआडून महादेवी बाहेर आली. "वीस वर्सं जेवतोय. कुनाला काय झालं? तुमाला काय झालं? सकाळी तीन भाकरी खाल्लासा तिच्या हातच्या, वर ठेचा मागितलासा. उगं बसा की गप."

"तुला काय ठावं..."

"मला सगळं ठाव हाय!" महादेवी कधी आवाज चढवत नसे, त्यामुळं तिचा आवाज फाटला. "आक्का माडीवर बसली तवा रातच्याला झोपंत पाय उगडं पडलं हुतं तिचं. मी बगितलो. मग गोळ्यांची बाटली बगितलो, मेडिकलवाल्याला नाव सांगून इचारलो. आज न्हाय कळलं मला. तवापास्नं तिच्या चपला रोज कोन झाडतंय? काटा, खडा, काच, काय बी आत असलं तर हिला कळत न्हाय, ही तसंच चालतोय दिवसभर. रोज सकाळी मी झाडतोय. हिला वाटतंय मी जळतोय हिच्यावर. जळतोयच की! माझी पोरगी हिलाच आई म्हनतोय."

नीलम्मा तिच्याकडं बघतच राहिली. उंबऱ्याबाहेर आपल्या चपला रोज सरळ, पुसून, बोटं बाहेरच्या दिशेला करून ठेवलेल्या असतात, हे तिनं इतकी वर्षं बघितलं होतं. कुणी ठेवल्या असतील, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिला भडभडून आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

शिवलिंग डोकं धरून बसला. "निपानीला कळलं तर? लग्न मोडंल की. काय सांगू मी त्यास्नी?"

"तुमी नगा सांगू बाबा. मी सांगतो," शांभवी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हनुवटी वर होती. "आत्ताच फोन करतो त्याला. दोडव्वा म्हनंल तेवढंच सांगतो. न्हाय म्हनाला तर वरात तितनंच फिरंल माघारी. उंद्या कळून भांडन्यापरास आज कळलेलं बरं." तिनं नीलम्माकडं बघितलं. नीलम्मानं मान हलवली.

आता सगळे चनबसाप्पांकडं बघू लागले. म्हाताऱ्याचे जोडलेले हात कधीच सुटले होते. त्यांची नजर सुनेच्या तळव्यांवरून हलत नव्हती.

"इतकी वर्सं मी ह्यावर डोकं ठेवलो," ते म्हणाले.

"ठेवू नगा म्हनत हुतो मी, अप्पा."

"म्हनत हुतीस." त्यांनी काठी जवळ ओढली. "बसवानं मला सांगाय पायजे हुतं. तू बी." आवाजात राग होता, तो त्यांनी लपवला नाही. ते काठी टेकून उठले. शांभवी हात द्यायला गेली, तो त्यांनी घेतला नाही. जाता जाता वाकून त्यांनी केळीच्या पानावरचा विडा उचलला, बंडीच्या खिशात घातला. "शिवलिंगा, लाकडं वखारीत पाठव माघारी. अग्गी व्हनार न्हाय."

"पन देवाला काय सांगायचं?" आत्ती दारातून म्हणाल्या.

"मी सांगतो देवाला." आपल्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबले. मान मात्र मागं वळवली नाही. "आनि तिच्या पायास्नी काय तर लावा. सकाळी कढत पानी वतलंय सिद्धीनं. मी हितनं बगत हुतो."

दार लागलं.

हळद चार वाजता होती, ती झालीच. लग्न मोडलं का राहिलं, हे कुणाला माहीत नव्हतं. शांभवीचा फोन झाला होता. नवरदेवानं सगळं ऐकून घेतलं आणि "मी येतो संध्याकाळी" एवढं बोलून ठेवला होता. यायचं म्हणजे कशाला यायचं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तरी हळद भिजवलेली होती, सवाष्णी नटून आल्या होत्या, आणि पाहुण्यांना यातलं काही माहीत नव्हतं. अग्गी रद्द म्हटल्यावर 'म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही वाटतं' असं म्हणून त्या गाणी म्हणायला बसल्या.

नीलम्मा आपणहून मागच्या पडवीत गेली होती. सकाळच्या पाण्यानं पावलांवर दोन फोड उठले होते, त्यांवर महादेवीनं न बोलता मलम लावून फडकं गुंडाळलं होतं. ऊन उतरत होतं. सोप्यातली गाणी पडवीपर्यंत येताना मऊ होत होती. पाट गेला, मान गेला, असं ती स्वतःला सांगत होती, आणि आश्चर्य म्हणजे हलकं वाटत होतं. तिनं डोळे मिटले. रंकाळ्याच्या काठी ते दोघं आज उभे होते. पाण्याकडं तोंड करून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

बांगड्या वाजल्या. डोळे उघडले तर शांभवी. तोंड, मान, हात सगळं पिवळंजर्द, हळदीनं माखलेलं. हातात वाटी.

"तू हितं कशाला आलीस गं? सवाष्नी खोळंबल्या असतील."

"खोळंबू देत." ती समोर फतकल मारून बसली आणि नीलम्माचा उजवा पाय तिनं उचलून आपल्या मांडीवर घेतला. फोडाचं फडकं टाळून पावलाच्या मोकळ्या कातडीवर हळदीचं बोट टेकवलं.

"कळतंय?"

"न्हाय."

बोट घोट्यावर आलं. "हितं?"

"न्हाय पोरी."

घोट्याच्या वर चार बोटं. "हितं?"

नीलम्मानं मान हलवली. तिला एकदम भीती वाटली की हे बोट असंच वर वर जात राहील आणि कुठंच काही कळणार नाही. पडवीच्या दारात आत्ती येऊन उभ्या होत्या. आत पाऊल टाकत नव्हत्या, पण मान ताणून बघत होत्या.

बोट आणखी वर, पोटरीशी आलं. ओलं, गार. गार!

"हितं," नीलम्मा म्हणाली. "हितं कळतंय."

शांभवीनं तिथं पिवळी रेघ ओढली, पायाभोवती, तोड्यासारखी.

"म्हंजे हितनं वर तू हायस."

"व्हय. हितनं वर मी हाय."

शांभवीनं वाटीतली सगळी हळद हातात घेतली आणि त्या रेघेपासून खाली, घोट्यावरून, जुन्या डागांवरून, तुटक्या करंगळीपर्यंत, फडकं टाळून, दोन्ही पावलांना चोळली. "मग हितनं खाली मी हाय," ती म्हणाली.

"तू कुटली?" महादेवी उंबऱ्याशी बसली होती. ती कधी आली हे कुणी बघितलं नव्हतं. "तू चाललीस निपानीला, न्हायतर कोल्हापूरला. जिकडं जायाचं तिकडं जा. खालचं मी बगतोय, हाय तसं."

तिनं नीलम्माची एक चप्पल उलटी केली आणि उंबऱ्यावर आपटली. आतला खडा फरशीवर टक्कन पडला. नीलम्माला तो ऐकू आला.